दोन मिनिटं उभी केली होती

सोलापुरात गाडी कुणी पार्क करत नाही. पार्किंग हा शब्द पाट्यांवर आणि दंडाच्या पावतीवर भेटतो, माणसांच्या तोंडात नाही. सोलापूरकर गाडी लावतो, टेकवतो, जरा बाजूला घेतो, उभी करतो, किंवा नुसतीच सोडून आत जातो. आणि यातलं काहीही केलं तरी ते दोन मिनिटांसाठी असतं. लग्नाचा बस्ता बांधायला सोळा माणसं घेऊन नवी पेठेत आलेलं कुटुंब दुकानाच्या पायऱ्या चढतं तेही दोन मिनिटांसाठीच. गादीवर तक्क्याला टेकून तिसरा चहा घेणारा त्यातला काका मधूनच बाहेर बघतो आणि म्हणतो, "आवरा ओ, गाडी दोन मिनिटं म्हणून उभी केलीय."

माझी अशीच दोन मिनिटं परवा पावणेतीन तास चालली.

मी राहतो जुळे सोलापुरात. इथून नवी पेठेकडं निघालेल्या माणसाला कुणी "कुठं?" विचारलं तर तो अजूनही "गावात" म्हणतो, जणू आम्ही वेशीबाहेर पाल ठोकून आहोत. त्या दिवशी गावात जायचं कारण होतं साडीचा फॉल. मेव्हणीच्या मुलीचं लग्न, साडी वांगी रंगाची, आणि फॉल तंतोतंत त्याच वांगी रंगाचा हवा. बायकोनं साडीच्या काठाचे चार धागे ओढून, कागदाच्या पुडीत बांधून, अंगाऱ्यासारखे माझ्या खिशात ठेवले. वर बजावलं, "बाराच्या आत या. आज पाणी आहे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. "आज पाणी आहे" हे वाक्य सोलापुरात "आज एकादशी आहे" अशा सुरात म्हणतात. पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येतं आणि आमच्या नळाला चौथ्या दिवशी, मनात आलं तर पाचव्या दिवशी दर्शन देतं. त्या दिवशी घरातल्या कर्त्या पुरुषानं घरी असावं असा दंडक आहे. मोटार चालू करणं, टाकी वाहिली की बंद करणं आणि मधल्या वेळात "शेजाऱ्यांची मोटार आपल्यापेक्षा जास्त ओढते" असं म्हणणं, ही त्याची कामं.

साडेअकराला पेठेजवळच्या एका गल्लीत पोचलो. गल्लीला पी-१, पी-२ ची पाटी होती. म्हणजे विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. पाटीवर याखेरीजही बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं, पण चष्मा डिकीत होता आणि डिकी उघडायला गाडी आधी कुठंतरी लावायला हवी होती. डाव्या बाजूला मुंगी शिरायला जागा नव्हती. उजवी बाजू मात्र जवळजवळ मोकळी! नवी पेठेत मोकळी जागा दिसली की शहाण्यानं आधी संशय घ्यावा. मी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे आभार मानले.

पण मी अगदीच आंधळेपणानं गाडी लावली असं कुणी समजू नये. मी हिशेब केला. काल याच गल्लीत आलो होतो तेव्हा गाडी डावीकडं लावली होती. काल डावी, म्हणजे आज उजवी. रोज बाजू बदलते हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय उजव्या बाजूला आधीच एक स्कूटर उभी होती, आणि आमच्याकडं एक गाडी उभी असणं हा दुसरीसाठी लेखी परवाना असतो. तिसरी आली की त्याला स्टँड म्हणतात.

या हिशेबात एकच गोम होती. काल ३१ तारीख होती. आज १.

३१ विषम आणि १ सुद्धा विषम. पाण्याच्या पाळ्या मोजून घडलेल्या मेंदूला लागोपाठ दोन दिवस एकच बाजू ही कल्पना झेपत नाही. नंतर मी कॅलेंडर घेऊन बसलो. वर्षातून सात वेळा हा सापळा लागतो, आणि लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ वेळा. माझ्या आधी उभी असलेली ती स्कूटर कुणा बेशिस्त माणसाची नव्हती. माझ्यासारखाच विचार करून वागणाऱ्या माणसाची होती.

फॉलच्या दुकानात गेलं की वांगी हा एक रंग नसून ते एक खटलं आहे हे कळतं. दुकानदारानं पुडीतले धागे बोटावर ताणले, ट्यूबलाइटखाली बघितले, दारात उन्हात नेऊन बघितले आणि विचारलं, "भरताचं वांगं का मसाल्याचं?" आम्ही भरताकडून मसाल्याकडं निम्म्या वाटेवर असताना रस्त्यावर ओरड झाली.

ही ओरड सोलापुरात चार भाषांत होते. पहिली तेलुगूत आली, "बंडी एत्तुकपोयिन्रू!" मागोमाग कन्नडमध्ये, "गाडी ओय्दरू!" पानाच्या टपरीवरून दख्खनीत, "गाडी उठाके लेके गए ना बा!" आणि शेवटी मराठीत, कारण मराठी माणूस आधी खात्री करून घेतो, "उचलली की ओ!" राष्ट्रीय एकात्मतेवर मी शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, पण एकात्मता धावताना पाहिली ती त्या दिवशी. शिवणयंत्रावरचा माणूस पाय हवेत ठेवून उठला. शेजारच्या दुकानातून शेरवानीचा एकच हात चढवलेला नवरदेव पळत सुटला, त्याच्यामागं टाचण्यांची उशी घेऊन टेलर. सगळी गल्ली रिकामी. दुकानात उरलो मी, दुकानदार आणि अठरा प्रकारचं वांगं.

मी धावलो नाही. उलट हसलो. दुकानदाराला म्हणालोसुद्धा, "लोकांना नियम कळत नाहीत. साधं सम-विषम."

बाहेर आलो तेव्हा गाडीच्या जागी तिच्या तेलाचे दोन थेंब होते.

चहावाल्यानं मला सविस्तर बातमी दिली. उचलण्याआधी भोंग्यावरून नंबर पुकारला होता, तोही तीनदा, हे त्यानं मुद्दाम सांगितलं. पण पुकारा सुरू होतो "एमएच तेरा" असा, आणि सोलापुरातल्या झाडून सगळ्या गाड्या एमएच तेरा. एवढं ऐकलं की अख्खी पेठ पळते. पुढचे चार आकडे, जे कामाचे असतात, ते पळणाऱ्यांच्या पायरवात बुडतात.

उचलणाऱ्या पोरांचं मात्र मला कौतुक वाटतं, ते लपवत नाही. माझी स्कूटर स्टँडवर चढवताना मला आधी आजूबाजूला कुणी धडधाकट माणूस आहे का बघावं लागतं. ती दोन पोरं एकानं हँडल, एकानं मागची दांडी धरून दहा सेकंदांत तिला टेंपोत चढवतात, आणि तीही कुलूप लावलेली. ही चपळाई घरोघरच्या पाण्याच्या टाक्या गच्चीवर चढवायला मिळती तर गावाचं कल्याण झालं असतं. शिवाय आमच्याकडं निदान माणसाला खाली ठेवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्याच्या नाना पेठेत दुचाकी वर बसलेल्या मालकासकट क्रेननं उचलली होती. तो फोटो महाराष्ट्रभर फिरला. अधांतरी बसलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला तर थोडी स्वस्थताच दिसली. पुण्याच्या गर्दीत आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या वर होता.

मी आमच्या कट्ट्यावरच्या शिरस्तेदार काकांना फोन लावला. कोर्टातून निवृत्त झाल्याला त्यांना चौदा वर्षं झाली, पण ते अजून देवाला नमस्कार करतानाही "सबब अर्ज मंजूर व्हावा" या पवित्र्यात उभे असतात. ते म्हणाले, "घाबरू नको. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. गाडी दहा तास बेवारस असल्याशिवाय उचलता येत नाही. दहा तास झाले का?"

"वीस मिनिटं."

"मग झालं तर! ठणकावून सांग. कलम तोंडावर फेक."

कलम घेऊन मी रिक्षात बसलो. रिक्षावाला भर रस्त्यात, चौकाच्या बरोबर मध्यावर उभा होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "गाडी उचलली का? बसा." कुठं जायचं हे मी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. वाटेत तो म्हणाला की हल्ली स्टेशनपेक्षा या धंद्यात बरी भाडी मिळतात.

पार्क चौकातून चार पुतळ्यांवरून जाताना मी मुद्दाम मान खाली घातली. ६ एप्रिल १९३० ला याच गावच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. मेमध्ये इंग्रजांनी इथं मार्शल लॉ पुकारला तेव्हा गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला, आणि लोकांनी ती घातली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे चौघं १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांचे पुतळे इथं उभे आहेत. अशा गावच्या माणसाला कायदा मोडायला कारणही तोलामोलाचं हवं होतं. माझ्या खिशात वांगी धाग्यांची पुडी होती.

पुढं एका चारचाकीला जॅमर लागलेला दिसला. पिवळाधमक लोखंडी जबडा, आणि शेजारी मालक दवाखान्यात पेशंटच्या उशाशी उभं राहावं तसा हात बांधून उभा. हा जबडा कुणी शोधून काढला असेल याबद्दल माझी कल्पना एखादा जेलर, निदान सावकार, अशी होती. निघाला व्हायोलिनवादक! अमेरिकेतल्या डेनव्हरच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या फ्रँक मारुग या गृहस्थांनी तो बनवला आणि त्याचं पेटंटही घेतलं. सूर लावणाऱ्या माणसाला पट्टी चुकलेली सहन होत नाही, मग ती रस्त्यावरची का असेना.

रिक्षावाल्याचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, "लावायला जागा द्या आणि मग उचला की. आधी उचलायची गाडी आली, जागा अजून यायचीय." हे बोलताना त्यानं रिक्षा पुन्हा मध्येच थांबवून एक सवारी घेतली. पण त्याचा मुद्दा मला पटला, कारण गाडी माझी गेली होती. सोलापूरचं नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, तेही नवव्या क्रमांकावर. आम्ही पेढे वाटले होते. पण पेठा त्याच, ज्या बैलगाडीच्या आणि सायकलच्या मापानं बेतलेल्या. गिरण्यांचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा निघायचा तो मी लहानपणी पाहिलाय. सायकल भिंतीला टेकायची, खांबाला टेकायची, नाहीच तर दुसऱ्या सायकलीला टेकायची. थिएटरच्या स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळायचा, आणि तो हरवला तर पिक्चर सुटल्यावर शेवटची सायकल उरेपर्यंत थांबावं लागायचं. उरेल ती आपली. तेव्हाचा दंड एवढाच, की कधीकधी उरलेली सायकल आपल्यापेक्षा चांगली निघायची आणि ती सोडून यावी लागायची.

आता तशाच गल्लीत घरटी दोन-दोन गाड्या आहेत. इमारतीच्या मंजूर नकाशात तळघर पार्किंगचं असतं आणि प्रत्यक्षात तिथं सेल लागलेला असतो. फूटपाथवर दुकानांचे साडी नेसवलेले पुतळे उभे. त्यातली एखादी बाई तर पाच-पाच वर्षं एकाच जागी, एका पायावर भार देऊन, नो पार्किंगच्या पाटीखाली उभी आहे. तिला कुणी उचलत नाही. तिला चाकं नाहीत हे कारण असेल, पण माझ्या गाडीलाही कुलूप होतं.

आणि एकदा का जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की सगळं गणितच उलटं होतं. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची वाट चालतात, आणि ज्या बोळातून एरवी लूना वळत नाही तिथून ते उंचच उंच नंदीध्वज डौलानं वळतात. कुणाच्या दारात कुणाची गाडी आहे हे त्या दिवसांत विचारायचं नसतं. होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्या माझ्या आतेभावाच्या अंगणात दारूकामाच्या रात्री चौदा दुचाकी असतात. त्यातल्या अकरांचे मालक त्याला ठाऊक नसतात, तरी जेवायला थांबा म्हणतो. बाकीचे अकरा महिने त्याच अंगणाबाहेर पाटी असते: "गेटसमोर गाडी लावू नये. हवा सोडण्यात येईल."

या पाटीबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. महाराष्ट्रात वाहतुकीचा खरा अंमल तिचाच आहे. तिला सम नाही, विषम नाही, पावती नाही, अपील नाही. कर्मणी प्रयोगात असल्यामुळं हवा कोण सोडणार हेही कळत नाही. एखादा गणवेशातला माणूस आमच्या दारातली गाडी उचलू लागला तर आम्ही लोकशाही, घटना आणि जनतेचा पैसा यांवर बोलतो. पण आपल्या गेटसमोर परक्याची गाडी दिसली की आमच्यातला प्रत्येक जण मार्शल लॉ पुकारतो. मी नावं ठेवत नाही. पाटी माझ्याही गेटवर आहे. रंग मीच दिलाय.

उचललेल्या गाड्या ठेवायची ती जागा कुठं आहे हे सांगत नाही. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ती ठाऊक आहे, उरलेल्यांना रिक्षावाला सोडेल. आत रांग होती. दवाखान्यातल्या रांगेत माणसं एकमेकांना आजार विचारतात, इथं किती मिनिटं ते विचारत होते. "दोनच ओ." "माझी तर चालू होती." "मी गाडीवरच होतो समजा." शेरवानीचा एक हात चढवलेला नवरदेवही आला होता, टेलर अजून त्याच्या खांद्याला टाचणी लावत होता. रांगेतला एक तरुण कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आलेला. तो म्हणाला, तिकडं १९६२ पासून कायदाच आहे, गाडी लावायला स्वतःची जागा आहे याचा दाखला द्यायचा, मगच गाडी नावावर होते. रांग क्षणभर गप्प झाली. मग माझ्या पुढची आजी म्हणाली, "जागा असती तर गाडी कशाला घेतली असती बाळा, घर नसतं का बांधलं?" त्यावर जपान संपला.

माझा नंबर आला. समोरचे साहेब तरुण होते, सौम्य होते, आणि दिवसभर तेच तेच ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची समाधी आली होती. मी कलम तोंडावर फेकलं. "साहेब, १२७. दहा तास बेवारस. माझी वीस मिनिटं."

"पुढचं वाचा काका," ते म्हणाले.

पुढचं म्हणजे त्याच कलमात, त्याच वाक्यात, "किंवा". दहा तास बेवारस असेल, *किंवा* जिथं लावायला कायद्यानं मनाई आहे तिथं लावली असेल तर. शिवाय त्याच कलमात असंही आहे की वाहून नेण्याचा खर्च मालकानं द्यायचा, दंडाखेरीज. म्हणजे नवरीही आपली, आणि वरातीचा खर्चही आपला. आयुष्यभर "सबब", "तथापि" आणि "वरील विवेचन पाहता" लिहिण्यात गेलेल्या शिरस्तेदार काकांनी नेमका "किंवा" गाळावा! मी बाहेर जाऊन त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मी वरिष्ठांपुढं नेहमी अर्धंच वाचायचो. उरलेलं समोरचा वकील वाचतो."

"पहिलीच वेळ का?" साहेबांनी डॉक्टरच्या आवाजात विचारलं.

"हो, पहिलीच."

पहिल्या वेळेला ५०० आणि पुन्हा सापडला तर १५००, हा दर राज्यात डिसेंबर २०२१ पासून आहे. आधी दोनशेत भागायचं. दिल्लीनं नवे दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू केले होते. आपल्या राज्यानं तो कायदासुद्धा सव्वादोन वर्षं जरा बाजूला उभा करून ठेवला होता. साहेबांनी यंत्रात नंबर टाकला, बघितलं आणि यंत्र माझ्याकडं वळवलं. पडद्यावर माझी स्कूटर होती. गेल्या पावसाळ्यातली. इतका स्वच्छ फोटो आमच्या लग्नातही आला नव्हता. नंबरप्लेट वाचता येत होती, मडगार्डवरचा चिखल दिसत होता, आणि मागं, थोडासा धूसर, हातात भेळेचा कागद धरून मी. तो ई-चलानाचा मेसेज मला आला होता. मी तो लोकअदालतीसाठी जपून ठेवला होता, कारण तिथं काहीतरी कमी होतं असं कट्ट्यावर ठरलं होतं. सोलापूरकर डाळिंबाचा भाव आणि दंडाची रक्कम पहिल्या आकड्याला मान्य करत नाही.

"हे तुम्हीच ना?" साहेब.

"भेळ घेत होतो," मी म्हणालो. "दोन मिनिटं."

रांगेतून कुणीतरी मनापासून हसलं. शेरवानीवाला असावा. त्याची खरंच पहिली वेळ होती.

पैसे भरले. पावती घेतली. आत गाडी शोधायला गेलो आणि थबकलो. पन्नासेक दुचाकी, सगळ्या एका रेषेत, सगळ्यांची हँडलं डावीकडं, दोन गाड्यांत बरोबर एक वीत अंतर. वर कडुलिंबाची गार सावली. दारात पहारा. असं देखणं पार्किंग मी सोलापुरात आजवर पाहिलं नव्हतं. रांगेच्या मध्यावर माझी स्कूटर इतक्या ऐटीत उभी होती की तिला तिथून काढताना मला अपराध्यासारखं झालं. आम्ही तिला आयुष्यभर गटाराच्या कडेला तिरकी टेकवली. इथं ती पहिल्यांदा सरळ उभी होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"पाणी येऊन गेलं," बायको म्हणाली. "भरलं मी. मोटारपण मीच बंद केली. फॉल घेतलात का?"

मी फॉल घेतला नव्हता. पुडी खिशात होती, निर्णय भरताच्या आणि मसाल्याच्या मध्ये अडकलेला होता.

"मग घेऊनच या," ती म्हणाली. पुढं काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात न बोललेलं मला जास्त स्पष्ट ऐकू येतं.

म्हणजे परत नवी पेठ. परत तीच गल्ली. डावीकडं जागा नाही, उजवीकडं विषम तारीख. मी स्कूटर ढकलत दारापर्यंत आणलेली पुन्हा मागं फिरवली, होती तिथं, कडुलिंबाखाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून सरळ रेषेत उभी केली आणि साहेबांकडं गेलो.

"साहेब, एक विनंती होती. फॉल घ्यायचा राहिलाय. तेवढी अर्धा तास गाडी इथंच राहू दे का? इथून पेठेत रिक्षानं जाऊन येतो. पावती आहे माझ्याकडं."

त्यांची समाधी पहिल्यांदाच ढळली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पावतीकडं बघितलं, मग हसू आवरत पेननं भिंतीकडं खूण केली. "आमची काही हरकत नाही ओ काका. पण ती भिंत शेजारच्यांची आहे. त्यांनी काय लिहिलंय ते तेवढं बघून घ्या."

भिंतीवर माझ्या गाडीच्या बरोबर डोक्यावर काहीतरी रंगवलं होतं. डिकी उघडली, चष्मा काढला आणि वाचलं.

"हवा सोडण्यात येईल."